पावाचं विरजण

मी परतले त्या सकाळी माझ्या नवऱ्याने सात आंबोळ्या खाल्ल्या होत्या. सात! मी भाचीच्या लग्नाला तीन दिवस खेडला गेले होते, आणि इकडे रत्नागिरीत माझ्या ओट्यावरची काचेची बरणी रिकामी करून, घासून, उन्हात पालथी घातलेली. त्याचा राग मला अजून येतो आणि तो आवरायची माझी इच्छाही नाही.

त्या बरणीत पावाचं विरजण होतं. हे नाव आमच्या खालच्या मजल्यावरच्या ताईंनी ठेवलेलं. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेल्या तेव्हा त्या हे शिकून आल्या. तिकडे आमिश लोकांची गावं आहेत. ती माणसं अजून घोडागाडीतून फिरतात आणि पाव, बिस्किटं घरीच भाजतात. त्यांच्या पद्धतीचा म्हणून तिथे एक गोड पाव करतात. त्यासाठी मैदा, साखर आणि दूध बरणीत कालवायचं, रोज लाकडी चमच्याने ढवळायचं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच तिन्ही घालायचं, दहाव्या दिवशी परत. मग तीन वाट्या शेजारी द्यायच्या, एक आपल्याला राखायची आणि उरलेल्याचा दालचिनी घालून पाव भाजायचा. ताईंनी पहिली वाटी मला दिली. आल्याच्या कुकीजही शिकवल्या, त्यात तिकडच्या काळ्या पाकाऐवजी आपली काकवी. दर दहा दिवसांनी आम्ही दोघी माझ्या एवढ्याशा ओव्हनसमोर बसायचो.

वाट्या मात्र आमच्या इमारतीत फुकट गेल्या. एकीने फ्रिजच्या तळाशी ठेवली आणि विसरली. दुसरीने वास येतो म्हणून मोरीत ओतली आणि वर मलाच सांगितलं की तुमचं पीठ नासकं होतं. तिसरी म्हणाली, एवढा दहा दिवसांचा कुटाणा कोण करणार, बेकरी काय ओस पडलीय? पाव खायला मात्र तिघी हजर. मी ताईंना म्हटलं, यांना द्यायचंच कशाला? त्या म्हणाल्या, "देत राहा गं. आपली बरणी फुटली तर कुठल्यातरी घरातून परत येते."

वैशाखात ताई गेल्या. लेक आली, घर आवरलं, भांडी वाटून टाकली, कुलूप लावून गेली. माझ्याकडे त्यांचा फोटोसुद्धा नाही. होती ती ही बरणी. त्यांच्या हातचं काहीतरी तिच्यात जिवंत होतं आणि ते मी दहा-दहा दिवसांनी पुढे नेत होते.

खेडला निघताना मी नवऱ्याला दोनदा बजावलं होतं, रोज एकदा ढवळा, बाकी हात लावू नका. त्याने मान हलवली. त्याची मान नेहमीच हलते. दुसऱ्या दिवशी केळशीहून वन्सं आल्या, त्याची थोरली बहीण. ओट्यावर पीठ फसफसून कापडापर्यंत आलेलं त्यांनी पाहिलं. कोकणातल्या कुठल्या बाईला अशा पिठाचं काय करायचं हे सांगावं लागतं? तिसऱ्या दिवशी सकाळी त्यात तांदळाचं पीठ घातलं, मीठ घातलं, आंबोळ्या केल्या, बरोबर काळ्या वाटाण्याची उसळ. साखरेमुळे तव्याला चिकटत होत्या, पण चांगल्या झाल्या म्हणे. त्यांनी भावाला विचारलं होतं, हे कसलं पीठ? तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला होता, हिचं काहीतरी आहे.

हिचं काहीतरी! महिनोन्महिने ज्याचा पाव चहात बुडवून खाल्ला, ते हिचं काहीतरी. मी त्याला नाही नाही ते बोलले. मग वन्संना सांगितलं की ते पीठ नव्हतं, ताई होत्या. बोलता बोलता मला रडू फुटलं.

वन्सं घाबरल्या नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "अगो, माझं चुकलं. पण विरजण संपलं तर आपण काय करतो? शेजारून आणतो. हल्ली कोणाला दिलंयस? तिच्याकडून आण वाटीभर."

ताई गेल्यावर मी एकाही दाराशी वाटी नेली नव्हती. या बायकांची लायकी नाही, असं ठरवून दर दहाव्या दिवशी राखायची वाटी तेवढी बाजूला काढत होते आणि त्या तिन्ही वाट्यांसकट बाकी सगळ्याचे पाव भाजत होते. बरणी जिथून परत येईल असं एकही घर मी ठेवलंच नव्हतं.

वन्संनी माझ्यापुढे ताटली सरकवली. तिच्यात दोन आंबोळ्या होत्या. मी येणार म्हणून त्यांनी माझा वाटा आधीच काढून झाकून ठेवला होता.