अप्पा आणि इंग्रजांचं मातीचं घर

मी इंग्लंडला निघाले तेव्हा लातूरच्या स्टँडवरून हैदराबादची गाडी सुटताना अप्पा माझ्या खिडकीखाली धावत आले. मला वाटलं, आता गहिवरणार. ते ओरडले, "भाड्यानं राहा, पर स्लॅबखाली राहा!" सगळी गाडी हसली.

भावंडांनो, तुम्हाला कारण ठाऊक आहे. तुमच्या पोरांसाठी लिहून ठेवते. लाकडावर हातभर माती चढवलेलं आपलं जुनं माळवद भूकंपात अप्पांच्या धाकट्या भावावर, बाळूकाकांवर, कोसळलं आणि ते गेले. अप्पा गवंडी. नंतर त्यांनी आपल्या स्लॅबमध्ये इतकं लोखंड घातलं की वर रणगाडा उभा राहील. तरी झोपतात दाराशीच.

आणि मी काय घेतलं? माझ्या नोकरीचं हॉस्पिटल जवळ म्हणून इंग्लंडच्या एका खेड्यातलं, तीनशे वर्षांचं, मातीच्या भिंतींचं, गवतानं शाकारलेलं घर. भिंतींची पोटं सुटलेली. स्वयंपाकघरात पडलेला बटाटा बैठकीत सापडतो. साधी खिडकी बदलायची तर कौन्सिलची परवानगी. व्हिडिओ कॉलवर मी अप्पांना घरातली एकमेव सरळ भिंत दाखवायची, बाथरूमची. दोन वर्षं त्यांचा समज, पोरगी बाथरूममध्येच राहते.

यंदा उन्हाळ्यात अप्पा आले. दारातच त्यांनी भिंतीला नख लावलं. "माती हाय ही! आमी मातीतून निगालो, अन् तू समिंदर वलांडून मातीत शिरलीस व्हय?" गादी उचलली आणि थेट बागेतल्या टोमॅटोच्या काचघरात मुक्काम ठोकला. शेजारच्या बाई ब्लँकेट घेऊन आल्या आणि हळूच विचारलं, भांडण झालंय का? मला लाज वाटली, राग आला, मग बाळूकाका आठवून रडूच फुटलं. अप्पांना म्हटलं, विकून टाकते.

"थांब. गवंड्याला आधी बघू दे."

चार दिवस अप्पा बॅटरी घेऊन माळ्यावर. पाचव्या दिवशी जळमटांसकट खाली उतरले.

"इकू नको. भिंतीवर काईच भार न्हाई, समदा लाकडावर हाय. अन् वर नुसतं गवत. पडलं तर गवतच पडंल की." मग वर छताकडे बघितलं. "बाळूला गवत लागलं नसतं."

दुपारी त्यांनी गादी आत आणली, अगदी मधल्या खोलीत, आणि असे घोरले की तुळईवरची धूळ खाली यायला लागली. मी भांडी तशीच ठेवून ऐकत बसले. दोन वर्षं त्या घरात राहत होते. घरी असल्यासारखं त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं.