सात रेघांचा तांब्या

गोविंदराव कुणाच्याही घरी गेले आणि पाणी पुढे आलं, की आधी तांब्या उचलायचे, बोटाच्या पेराने त्याच्या पोटावर टिचकी मारायचे आणि मान तिरपी करून ऐकायचे. "कोऱ्या पत्र्याचा आहे," किंवा "मोड वितळवून केलाय, पण कारागीर चांगला," असा निकाल दिल्यावरच पाणी तोंडाला लावायचे. काशीतल्या ब्रह्माघाटावरच्या आमच्या बायका पदराआड हसायच्या. माझी आई म्हणायची, "या गोविंदाला साक्षात गंगा दिली, तरी आधी टिचकी मारून बघेल."

जन्माने ते आमच्यासारखेच भिक्षुक. पण शेजारच्या ब्राह्मणाचा मंत्र चुकला की हे भर कार्यात थांबून त्याला दुरुस्त करायचे, मग यजमान कितीही खोळंबो. त्यामुळे हळूहळू त्यांना कुणी बोलवेनासं झालं. महायुद्ध लागलं, तांब्या-पितळेपासून लोखंडापर्यंत सगळ्याची टंचाई झाली आणि सरकारने चौकाजवळ धातूची मोजदाद ठेवणारी कचेरी उघडली, तेव्हा गोविंदरावांना तिथे चिकटायला मिळालं. वर्षभराने त्यांनी मलाही आत घेतलं. साहेबाला सांगितलं, "मुलगा सरळ आहे." हे वाक्य आठवलं की आजही, या वयात, मान खाली जाते.

कचेरीचं काम तसं सोपं. दर महिन्याला एक छापील तक्ता भरून कलकत्त्याला पाठवायचा. त्यात दोन रकाने होते. बाहेरून आलेल्या पत्र्यापासून घडवलेला माल तो 'नवा', आणि लोकांची फुटकी भांडी, अवजारं वितळवून पुन्हा वापरात आणलेला तो 'जुना'. असाच तक्ता म्हणे लंकेत, मिसर देशात आणि आणखी कुठे कुठे भरला जायचा, आणि वर कुठेतरी सगळ्यांची बेरीज होऊन कोणत्या गावाला किती पत्रा द्यायचा ते ठरायचं. आम्ही बाकीचे कारकून दुकानदाराने सांगितलेला आकडा लिहून मोकळे व्हायचो. गोविंदरावांना ते जमायचं नाही. "आधी विचारा, मग बघा, मग लिहा," हे त्यांचं ठरलेलं.

"अरे वासुदेवा," ते मला म्हणायचे, "तिकडे लंकेत माझ्यासारखाच एखादा बापडा बसला असेल. त्याने 'जुनं' म्हणजे काय धरलं, मला काय ठाऊक? आणि मी काय धरलं, हे त्याला कोण सांगणार? मग आमच्या दोघांच्या आकड्यांची बेरीज करणारा कसली बेरीज करतोय?" म्हणून ते प्रत्येक तक्त्याला मागे एक चिठ्ठी डकवायचे: काशीत आम्ही नवं कशाला म्हणतो, जुनं कशाला म्हणतो. हेडक्लार्क ती चिठ्ठी दर महिन्याला फाडायचा. हे दर महिन्याला नवी डकवायचे. चिडायचे नाहीत, की भांडायचे नाहीत. मला मात्र त्यांचा कंटाळा यायचा, खरंच सांगतो.

ठठेरी बाजारात, म्हणजे तांबटांच्या गल्लीत, रामसुमेर नावाचा एक कारागीर होता. हातात विलक्षण कसब. त्याच्या हाताखाली चार जण ठोकाठोकी करत असायचे, आणि दुकानही त्याचंच. गोविंदराव गल्लीत शिरले की तो हातोडा खाली ठेवून आज काय विचारणार म्हणून हाक मारायचा, "का पंडितजी, आज का पूछबऽ?" बाकीचे दुकानदार सरकारी माणूस पाहिला की माल मागे सारायचे. रामसुमेर मात्र यांना कोठी उघडून दाखवायचा, कारण कुणाकडून काय कळलं ते खिशातल्या वहीत टिपताना गोविंदरावांनी त्याला शब्द दिला होता: "वहीतलं नाव वहीतच राहील. वर फक्त बेरीज जाईल."

याच दुकानात त्यांना ती गोष्ट कळली.

आता हे कसं सांगू? आमच्या काशीत यात्रेकरू यायचा, घाटावर श्राद्ध करायचा आणि ब्राह्मणाला नवा कोरा तांब्या दान द्यायचा. ब्राह्मणाच्या घरी तांबे ठेवणार किती? तो संध्याकाळी तांब्या दुकानात नेऊन द्यायचा. दुकानदार चिंच लावून घासायचा आणि सकाळी पुढच्या यात्रेकरूला विकायचा. पिढ्यान् पिढ्या ही रीत चालू होती. सगळ्यांना ठाऊक आणि कुणी उघड बोलायचं नाही. आणि आमचे कारकून? प्रत्येक विक्रीला 'नवा' लिहीत होते!

गोविंदरावांनी रामसुमेरला विचारून एक खिळा घेतला. तांब्या विकला गेला की बुडाला एक बारीक रेघ. परत येऊन पुन्हा विकला गेला की आणखी एक. महिनाअखेरीस त्यांनी एक तांब्या माझ्या मेजावर उपडा ठेवला. बुडाला सात रेघा होत्या. "बघ, हे एकच भांडं, आणि आपण याला सात वेळा जन्माला घातलं. याला नवं म्हणू की जुनं? हा ना वितळला, ना नव्याने घडला. नुसता हिंडतोय. याच्यासाठी तक्त्यात रकानाच नाही रे!" एवढे खूश होते, जणू मुलगी सासरहून आली आहे.

मी हसलो, पण तांब्या पटकन सुलटा करून बाजूला सारला. कारण तात्या, म्हणजे माझे वडील, दर संध्याकाळी पंचाखाली काय झाकून ठठेरी बाजारात जातात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या शाळेचं, कपड्यांचं, सगळं त्यातूनच झालं होतं. कचेरीत मात्र मी मोठ्या वैदिकांच्या घरातला म्हणून मिरवत होतो. हेडक्लार्कला त्याचा वास लागला असावा. चहाच्या वेळी चारचौघांत म्हणायचा, "क्यों वासुदेव, तुम्हारे घाट पर तो दान का लोटा शाम तक बाजार पहुँच जाता है?" बाकीचे खिदळायचे. मी म्हणायचो, "हमारे यहाँ नहीं." इतकं म्हणून म्हणून ते मलाच खरं वाटू लागलं होतं.

त्याच सुमारास कलकत्त्याहून मोठा साहेब आला. आमच्या तक्त्यांवरून काशीत नव्या तांब्याचा नुसता सुकाळ दिसत होता. मग इथे आणखी पत्रा कशाला पाठवायचा, असा वरून सवाल होता. पत्रा बंद झाला तर ठठेरी बाजाराच्या भट्ट्या विझणार, हे आम्हा सगळ्यांना समजत होतं. गोविंदराव धुतलेलं उपरणं घेऊन साहेबापुढे उभे राहिले आणि मेजावर तो तांब्या उपडा ठेवला. सात रेघांची सगळी हकीकत त्यांनी अडखळत हिंदुस्थानीत सांगितली.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने भांडं उचलून रेघा पाहिल्या. मग म्हणाला, "खिळ्याने रेघा कुणीही ओढील. दान घेतलेलं भांडं विकतं असं एक घर सांगा, मी तक्ते नव्याने करायला लावतो."

"घराचं नाव देता येत नाही, साहेब. शब्द दिलाय," गोविंदराव म्हणाले. मग माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत केवढा विश्वास होता! "हा मुलगा ब्रह्माघाटाचाच आहे. याला रीत ठाऊक आहे. तो आपण होऊन सांगेल."

हेडक्लार्क माझ्याकडे बघून ओठांतल्या ओठांत हसत होता. साहेबाने विचारलं, "खरं आहे हे?"

आणि मी म्हणालो, "नाही साहेब. दानाचं भांडं आमच्याकडे कुणी विकत नाही. पाप समजतात."

बस्स. एवढंच बोललो. माझी जीभ झडली नाही की भिंत कोसळली नाही. गोविंदरावांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, तांब्या उचलला, उपरण्याने पुसला आणि साहेबाला म्हणाले, "माझीच समजूत चुकली असेल." खिशात वही होती, घरांच्या नावांसकट. उघडली असती तर त्याच घटकेला मी खोटा ठरलो असतो आणि घरी बसलो असतो. त्यांनी खिशाला हातही लावला नाही.

घरी जाताना आम्ही नेहमीसारखे बरोबर निघालो. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. मला वाटलं, आता काढतात खरडपट्टी. काढावी असं मनातून वाटतही होतं. तर म्हणाले, "चेहरा उतरलाय तुझा. सुंठ घालून काढा घे जरा." आणि निघून गेले.

पत्रा बंद झाला. दोन महिन्यांत रामसुमेरच्या दुकानात ठोकाठोकी थांबली. चौघे कारागीर कुठे कुठे पांगले. शेवटी त्याने आपली ऐरण आणि हातोडे मोडीत घातले, आणि त्यांची नोंद 'जुना'च्या रकान्यात मीच केली, या हाताने. तो कलकत्त्याच्या गिरणीत निघाला तेव्हा गोविंदरावांना भेटायला कचेरीच्या दारात आला होता. "हम त कुल सच बतवले रहली, पंडितजी. तब ई का भयल?" सगळं खरं सांगूनही हे असं का झालं, असं तो विचारत होता. गोविंदरावांनी त्याला हात जोडले. मी आतून पाहत होतो. दोन पावलं टाकून बाहेर यायला काय झालं होतं मला? नाही आलो.

त्यानंतर साहेबाचा हुकूम आला आणि गोविंदरावांना मोजदादीवरून काढून टपालाच्या पिशव्यांवर बसवलं. त्यांची जागा मला मिळाली. मी ती घेतली. वर्ष-दीड वर्षाने ते तापाने गेले. तेव्हाही घाटावर नेताना पहिला खांदा द्यायला मीच पुढे. केवढी हौस!

तेराव्याला तात्यांना ब्राह्मण म्हणून बोलावणं होतं. मीही बरोबर होतो. गोविंदरावांच्या पत्नीने, माईंनी, तात्यांच्या हातात तांब्या ठेवला. "जाण्याआधी सांगून गेले, हा तुमच्याकडेच द्यायचा," म्हणाल्या. तात्यांनी तो मला धरायला दिला. बुडाला हात लागला आणि मला कळलं. बोटांनी मोजल्या. सात.

घरी आल्यावर तात्या सवयीने म्हणाले, "वासुदेवा, जाता जाता बाजारात देऊन ये तो." तेव्हा माझा बांध फुटला. साहेबासमोर काय बोललो, ते दोन वर्षांत पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. तात्या भिंतीला टेकून ऐकत होते. ते संतापतील, असं मला वाटलं.

"यात लाजण्यासारखं काय होतं?" ते म्हणाले. "चोरी केली मी? दिलेलं घेतलं आणि त्यावर तुम्हाला वाढवलं. गोविंदाने मला घाटावर विचारलं, मी सगळं सांगितलं. बाकीच्यांनी नाव बाहेर फोडू नको म्हणून शपथ घातली होती त्याला. मी म्हटलं, माझं नाव खुशाल वाचून दाखव साहेबाला. हवं तर मी स्वतः येतो."

"मग त्यांनी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तेच मीही विचारलं होतं त्याला, नंतर," तात्या म्हणाले. "म्हणाला, तुमचा वासुदेव तिथे नोकरीला आहे. तो आपण होऊन बोलला असता तर गोष्ट वेगळी. मी नाव वाचून चारचौघांत त्याची मान खाली जायला नको."

तांब्या विकला नाही. अजून माझ्या उशाशी असतो. पाणी पिताना मी टिचकी मारत नाही. हात बुडाखाली जातो आणि बोटं आपसूक मोजू लागतात.