आत्याच्या टेबलावरच्या दोन वह्या

आमचा भाग एका वर्षात शहरातला सगळ्यात धोक्याचा भाग ठरला, आणि तो माझ्या आत्यामुळे ठरला. चोरांचा त्यात फारसा वाटा नव्हता. ते बिचारे आधी जेवढं काम करत होते तेवढंच करत राहिले.

आत्या पोलीस चौकीत कारकून. गणवेश नाही, शिट्टी नाही, काठी नाही. एक लाकडी टेबल, समोर दोन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी, आणि टेबलावर दोन वह्या. लाल पाठीची वही तक्रारींची, निळ्या पाठीची गहाळ वस्तूंची. मी चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीसाठी तिच्याकडे राहायला आले, तेव्हा तिला त्या टेबलावर येऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि निवृत्तीला चार वर्षं उरली होती. चौकीच्या मागच्या गल्लीतच आमचं घर. दुपारी घरी येऊन गरम जेवता येतं आणि दुखऱ्या गुडघ्यांना बसची पायरी चढावी लागत नाही, एवढ्यावर ती खूश होती.

आत्या जन्माची चौकस. भाजी घेताना भाव विचारायच्या आधी ती शेत कुठलं ते विचारायची. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या नणंदेचं दुखणंसुद्धा तिला उतरायच्या आत माहीत झालेलं असायचं. चौकीतले लोक तिला पाठीमागे 'चौकशीबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, कारण पाठीमागे आपल्याला काय म्हणतात हे तिने एकाला सरळ विचारून घेतलं होतं.

तिच्या आधी त्या टेबलावर जे कारकून होते, त्यांची कामाची पद्धत मोठी छान होती. कुणी सायकल चोरीला गेली म्हणून धापा टाकत आला, की ते आधी त्याला पाणी देत आणि मग निळी वही उघडत. "नक्की तिथेच ठेवली होती? कुलूप लावल्याचं आठवतंय? शपथेवर सांगाल? मग आपण असं लिहू, सायकल आढळून येत नाही." माणसाला शिक्क्याची पावती मिळे आणि तो शांत होऊन घरी जाई. हरवलेल्या वस्तूला चोर नसतो, त्यामुळे कुणाला शोधावं लागत नसे. लाल वही जवळजवळ कोरी राही आणि दरवर्षी वरून कौतुकाचं पत्र येई. ती पत्रं चौकीच्या भिंतीवर ओळीने लावलेली होती.

आत्याने आल्या आल्या कपाटातल्या जुन्या निळ्या वह्या काढून वाचायला सुरुवात केली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण समोर वही दिसते आणि आत काय आहे ते कळत नाही, हे तिला सहनच होत नाही.

"या भागातली माणसं फार विसरभोळी आहेत गं," एका संध्याकाळी ती मला म्हणाली. "एका वर्षात त्र्याण्णव सायकली विसरले. आणि एकाने तर पाण्याचा पंप हरवलाय. जमिनीला नटबोल्टने बसवलेला पंप!"

"कुठे ठेवला ते आठवत नसेल," मी म्हटलं, आणि दोघी पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवसापासून मात्र तिने समोरच्या माणसाला एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली. हरवलं की चोरीला गेलं? लोक गडबडून जात. एका बाईने तर उलट तिलाच विचारलं, "काय लिहिलं तर बरं पडेल?" आत्या म्हणाली, "जे झालं ते लिहिलं तर बरं पडेल." मग पुढचे प्रश्न सुरू होत. पिशवी कुठल्या हातात होती? तो मागून आला की समोरून? पायात चपला होत्या की बूट? पळताना आवाज कसा आला? लोक म्हणत, चोराने दोन मिनिटांत सोडलं, चौकशीबाईंनी अर्धा तास धरून ठेवलं. पण तिथून उठताना त्यांचा चेहरा निराळा दिसे. आपलं कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं, याचं त्यांना अप्रूप वाटत असावं.

घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आमच्या भागाचा नकाशा काढला होता. एका तक्रारीला एक लाल ठिपका, आणि शेजारी वेळ. आधी मी तिची थट्टा करायचे. मग मलाच चटक लागली. दुकानातून आले की हात धुवायच्या आधी मी विचारायचे, "आज किती?" वाचनालयाच्या कुंपणापाशी सायकलींचे ठिपके का पडतात? दवाखान्यासमोर खिसे दर सोमवारीच का कापले जातात? आम्ही ताटावर बसून तर्क लढवायचो. सोमवारी मोठे डॉक्टर येतात, बाहेर रांग लागते, आणि रांगेतला माणूस आपल्या नंबराकडे बघतो, खिशाकडे नाही, हे शोधून काढलं तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला होता!

सगळ्यात जास्त ठिपके मात्र साबणाच्या बंद कारखान्याच्या वळणावर होते. बसथांब्यावरून वस्तीत यायचा तोच रस्ता. एकतीस ठिपके, आणि सगळे संध्याकाळी सहा ते आठमधले. आत्या एका रविवारी छत्री घेऊन तिथे गेली आणि पावलं मोजून आली. "चाळीस पावलं," ती म्हणाली. "चाळीस पावलं माणूस ना थांब्यावरून दिसत, ना वस्तीतून." मी रोज तीच चाळीस पावलं चालून घरी येत होते.

वर्ष संपलं. आदल्या वर्षी लाल वहीत नऊ नोंदी होत्या, या वर्षी एकशे चौदा. वर्तमानपत्रात सगळ्या भागांची यादी आली आणि आमचा भाग पहिला आला. शेजारच्या भागात वर्षभरात सहाच गुन्हे होते. तिथे माझी मैत्रीण राहते. ती संध्याकाळी भावाला बरोबर घेतल्याशिवाय दूधसुद्धा आणायला जात नाही.

मग दुकानदारांचं शिष्टमंडळ चौकीत आलं. पुढे होता कोपऱ्यावरचा शिंपी, त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. गळ्यातली मोजपट्टी काढायचीही त्याला फुरसत मिळाली नव्हती.

"बाई, तुम्ही आमच्या भागाची अब्रू घालवलीत," तो म्हणाला. "माझी वरची खोली तीन महिने रिकामी आहे. माणसं बघायला येतात आणि विचारतात, इथे राहणं ठीक आहे ना?"

"मग तुम्ही काय सांगता?" आत्याने विचारलं. ती चिडवत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सांगतो, अगदी ठीक आहे."

"आणि तुमच्या मुलीला संध्याकाळी थांब्यावरून आणायला कोण जातं?"

"मीच जातो," शिंपी म्हणाला, आणि मोजपट्टीची गुंडाळी करू लागला. पण मागे बारा दुकानदार उभे होते, त्यामुळे निवेदन देऊनच गेला.

चौकीचे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आत्याला बसवून वरून आलेलं पत्र दाखवलं. येत्या तीन महिन्यांत आकडा खाली आला पाहिजे. नाहीतर तिची बदली मुख्य कार्यालयात, जुन्या कागदांच्या खोलीत. ती खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला, जायला दोन बस आणि यायला दोन.

"साहेब, कारखान्याच्या वळणावर संध्याकाळी एक शिपाई उभा करा," आत्या म्हणाली. "आकडा आपोआप खाली येईल."

"शिपाई मागायचा तर कारण द्यावं लागतं, बाई. कारण दिलं की तोच आकडा परत वरच्यांच्या डोळ्यांपुढे जातो." त्यांनी निळ्या वहीवर नुसता हात ठेवला. "हीसुद्धा आपलीच वही आहे."

त्या संध्याकाळी आत्याने नकाशाकडे पाहिलंही नाही. "मला नाही जायचं गं," ती म्हणाली. "या गुडघ्यांनी रोज चार बस? मला भीती वाटते." माझ्या आत्याच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

ती खोटं लिहिणारी नव्हती. तिने एवढंच केलं की हरवलं की चोरीला गेलं, हा प्रश्न विचारणं बंद केलं. माणूस जे म्हणेल ते लिहायचं. आणि माणसं आपण होऊन म्हणायला लागली, हरवलं. शिंप्याने घरोघर जाऊन सांगितलं होतं की आपल्या भागाचं नाव आपणच राखायचं आहे, शिवाय चौकशीबाईंची नोकरीही त्यातच अडकली आहे. लोकांचा तिच्यावर जीव होता. त्यांनी तिच्यासाठी पाकिटं हरवली, फोन हरवले, एकाने तर दुकानाचं शटर उचकटलेलं असताना गल्ला हरवला. आकडा भराभर खाली आला. साहेबांनी चहा पाजला. आत्या चहा पिऊन घरी आली आणि न जेवता झोपली.

मुदत संपायला अकरा दिवस राहिले होते तेव्हा ते माझ्या बाबतीत झालं. बुधवार, सव्वासात. कारखान्याचं वळण. मागून कुणीतरी माझ्या गळ्यातली चेन ओढली. ती लवकर तुटली नाही, म्हणून मी तिच्याबरोबर मागे ओढले गेले आणि रस्त्यावर आपटले. तो पळाला. मानेवर बोटभर लांबीची चीर पडली होती. मी भिंतीला धरून उभी राहिले आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो आत्याच्या टेबलाचा. साधी चोरी असेल तर चौकीतच राहते. अंगावर जखम झाली की कागद सरळ वर जातो, हे तिनेच मला सांगितलं होतं.

मी मानेभोवती ओढणी गुंडाळून घरी गेले. "चेन पडली कुठेतरी," मी सांगितलं.

"अरेरे," आत्या म्हणाली आणि वाढायला उठली. तिने एवढंही विचारलं नाही की कुठे पडली. मला हायसं वाटलं. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही, शनिवारीही तिने काही विचारलं नाही. घरात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती.

रविवारी सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. "ओढणी काढ," ती म्हणाली.

मी काढली. तिने चीर पाहिली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"मला बुधवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "चेन पडली म्हणालीस आणि शोधायला परत गेली नाहीस. रस्त्यात पडलेली चेन कुणी शोधल्याशिवाय सोडतं का? मला कळलं होतं गं, आणि तरी मी विचारलं नाही. चार दिवस तुझ्या मानेकडे बघायचं टाळलं. तू सांगितलं असतंस तर मला लिहावं लागलं असतं." तिने पदराने तोंड पुसलं. "चपला घाल. चल."

चौकीत तिने मला न डुगडुगणारी खुर्ची दिली आणि लाल वही उघडली. प्रश्न तेच, सगळ्यांना विचारते तेच. कुठल्या हाताने ओढली? पायात काय होतं? आवाज कसा आला? मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. तिचा हात एकदाही थांबला नाही. आतून साहेब आले आणि तिच्या खांद्यावरून वाकून त्यांनी वाचलं.

"बाई, घरातलीच पोर आहे," ते हळूच म्हणाले. "जखम लिहिलीत की कागद वर जाणार. अकराच दिवसांचा प्रश्न होता."

"आता सातच राहिलेत, साहेब," आत्या म्हणाली. "जरा सरका, उजेड अडतोय."

तिने सगळं मला वाचून दाखवलं. शेवटी एक ओळ होती, 'घाबरल्यामुळे व नात्यातील व्यक्तीच्या काळजीने चार दिवस तक्रार केली नाही.' मी सही केली.

तो कागद वर गेला आणि एकाच कागदाने दोन्ही कामं केली. जखमेची नोंद झाली म्हणून जागेची पाहणी झाली, जुने एकतीस ठिपके वर पोचले आणि वळणावर रोज सहा ते आठ एक शिपाई उभा राहू लागला. शिंप्याची मुलगी आता एकटी घरी येते. आणि महिना संपायच्या आत आत्याची बदली झाली.

ती आता जुन्या कागदांच्या खोलीत असते. सकाळी साडेसातला निघते, जाताना दोन बस, येताना दोन. परतीची दुसरी बस आमच्या थांब्यावर साडेआठला लागते. शिपाई आठला गेलेला असतो. म्हणून मी रोज सव्वाआठला घरातून निघते, कारखान्याच्या वळणावरून थांब्यावर जाते आणि तिला हाताला धरून बसमधून उतरवून घेते.