रिकाम्या जागचे तांदूळ

चहा झाला की ताई कप विसळून आपल्या खिळ्याला अडकवायची आणि मला विचारायची, "घेतलंस ते परत ठेवलंस?" तुम्हाला वाटेल, कपाबद्दल विचारतेय. छे! रोख माझ्या प्रोग्रामवर असायचा.

रोह्याच्या आमच्या चार माणसांच्या कंपनीत कारखान्यातल्या टाक्यांवर लक्ष ठेवणाऱ्या पेट्या बनायच्या. त्यांचा सी भाषेतला प्रोग्राम मी आणि ताई, माझी वरिष्ठ, असे दोघं लिहायचो. पेटीत मेमरी इवलीशी. दोन दिवस चालली की पेटी गप्प. आमच्या एकुलत्या एक गिऱ्हाइकाने बजावलं, महिनाअखेर दुरुस्त करा, नाहीतर सगळ्या परत न्या. म्हणजे कंपनीला कुलूपच.

ताई पेणची, गणपतीच्या कारखान्यात वाढलेली. म्हणाली, "लहानमोठ्या मूर्ती एकाच फळीवर कोंबल्या की मधेमधे वीतवीत जागा उरते, अन् दोन फुटी मूर्ती कुठंच बसत नाय. तुझ्या मेमरीचं तेच झालंय." सी भाषेसोबत आलेला, मेमरीतली जागा वाटून देणारा भाग काढून तिने स्वतःचा लिहिला. लहान, मध्यम, मोठी अशा तीन फळ्या. मापाची जागा द्यायची, काम झालं की परत घ्यायची.

तरी पेटी गप्प झालीच. मी म्हणालो, "पेटीच भिकार आहे." तेव्हा माझं तोंड फार चालायचं.

तिच्या घरी मूर्ती गेली की फळीवरच्या त्या जागी चिमूटभर तांदूळ ठेवत, नवी मूर्ती येईपर्यंत. ताईने परत आलेल्या प्रत्येक जागेत एक ठरावीक आकडा भरला. जागा पुन्हा देताना तो तसाच आहे का, ते बघायचं.

दुपारी ती स्क्रीनकडे बघून हसली. "तांदूळ हलले रे."

जागा परत करूनही कुणीतरी तिथे लिहीत होतं. तो कुणीतरी म्हणजे मी लिहिलेला भाग. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गिऱ्हाइकाला काय सांगायचं?" मी विचारलं.

"आपली चूक सापडली म्हणायचं. चहा टाक."

चूक दुरुस्त केली. पेट्या परत आल्या नाहीत.

पुढे तिला बंगळूरला नोकरी लागली. ती गेली त्या संध्याकाळी मी तिच्या टेबलावर चिमूटभर तांदूळ ठेवले. महिन्याभराने ती राहिलेला कप न्यायला आली.

"हलले नाय की."

"कुणाला बसूच दिलं नाही. करमत नाही गं, ताई."

तांदूळ मुठीत गोळा करत ती म्हणाली, "माझ्या जागी नवी पोरगी आलीय ना? बसव तिला इथं. जागा अडवू नको."

नवी पोरगी आता तिथे बसते. कप मात्र ताईने नेलाच नाही. रोज विसळून मी तो त्याच खिळ्याला अडकवतो.