गॅसच्या गाण्याचं दुसरं कडवं

कॉफीच्या मळ्यांतल्या आमच्या कोआतेपेक गावात एर्मिनिया सावालेताचा आवाज ऐकला नाही असा माणूस सापडायचा नाही. सकाळी साडेआठला गॅसची गाडी चौकातून वळते, टपावरचे दोन कर्णे एकदा घसा खाकरतात आणि त्यांतून तरुण पोरीचा गोड, किंचित ओलसर आवाज गल्लीभर पसरतो :

“उघड ना दार, आला हो गॅस,
चूल तुमची पेटू दे खास!”

लगेच फटाफट दारं उघडतात. रिकाम्या टाक्या फरशीवरून घरंगळत उंबऱ्याशी येतात. कुत्री भुंकतात, कुणाचं दूध उतू जातं, कुणी नवऱ्याला हाका मारतं. गेली अडतीस वर्षं हा कार्यक्रम अखंड चालू आहे. या काळात गावाचे महापौर किती आले नि गेले, देवळाची घंटा दोनदा तडकली, पण गॅसवाली बाई तीच.

आणि एर्मिनियाला नेमकं हेच सलत होतं. कारण ते गाणं मुळात गॅसचं नव्हतंच.

तिची आई कॉफीच्या गोदामात दाणे निवडायला जायची. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका, समोर दाण्यांचे ढीग, आणि त्यांतून काळा, फुटका, किडका दाणा वेचून बाजूला टाकायचा. दिवसभर हेच. वेळ जावा म्हणून बायका गायच्या. एर्मिनिया लहानपणी त्या टेबलाखाली बसून चपलांच्या जंगलात खेळायची आणि वरून गाणी पाझरत खाली यायची. गाण्याची परीक्षा कशी करायची तेही तिला तिथंच कळलं. आई म्हणायची, “ज्या गाण्यावर हात पटापट चालतो ते बरं गाणं. ज्या गाण्यावर हात थांबतो ते खरं गाणं.” गोदामाच्या मुकादमाला अर्थात फक्त बरी गाणी आवडायची.

विसाव्या वर्षी एर्मिनिया गिटार आणि आईनं मक्याच्या पानांत वाफवून दिलेल्या तामालेंची पुरचुंडी घेऊन राजधानीला गेली. एका रेकॉर्ड कंपनीच्या साहेबांनी तिचा आवाज ऐकला, खूश झाले आणि सगळ्यात आधी तिचं नाव काढून घेतलं. “सावालेता लेबलवर मावत नाही,” ते म्हणाले, “आणि मावलं तर खपत नाही.” ती दालिया मोंतेस झाली. कपाळावर केस कापले गेले, अंगावर टिकल्याटिकल्यांचा झगा आला आणि बावीस वर्षांची असताना ‘शनिवारी ये’ हे गाणं रेडिओवर अकरा आठवडे वाजलं. त्या गाण्यात ‘ये’ हा शब्द एकतीस वेळा होता. येणारा आला की नाही, याबद्दल गाणं काहीच सांगत नव्हतं.

कोआतेपेकात आनंदाला भरतं आलं. औषधांच्या दुकानात तिचा फोटो लागला. बेकरीवाल्यानं एका गोड पावाला ‘दालिया’ असं नाव दिलं. दिसायला झकास होता, फक्त आतून पोकळ. सुट्टीला आली तेव्हा एर्मिनियानं गोदामात जाऊन ते गाणं म्हणून दाखवलं. बायकांनी ठेका धरला. आईचे हात शिवणयंत्रासारखे चालत होते.

“कसं वाटलं?”

“छान आहे गं,” आई म्हणाली. “दोन पोती जास्त निघाली.”

त्या रात्री एर्मिनियाला झोप लागली नाही, आणि राजधानीला परतल्यावर तिनं एक नवं गाणं लिहिलं. एक मुलगी दाराबाहेर उभी राहून म्हणते आहे, उघड ना दार. साहेबांनी ते डोळे मिटून ऐकलं.

“चाल फक्कड आहे. पण यात पुरुष कुठाय?”

“नाही. ती आईला म्हणतेय.”

“आईला?” साहेबांनी डोळे उघडले. “बाळ, आईच्या गाण्यावर नाचणार कोण?”

पुढच्या दोन रेकॉर्ड आपटल्या. करार संपला. कंपनीनं एर्मिनियाला निरोप दिला, पण नाव ठेवून घेतलं, कारण ते कंपनीच्या मालकीचं होतं. मग दुसरी एक मुलगी दालिया मोंतेस झाली. दालिया मोंतेसचं पुढं बरं चाललं. फक्त ती एर्मिनिया नव्हती, एवढंच.

एर्मिनिया घरी आली. स्वयंपाकघरात आई ताटात काळे घेवडे निवडत बसली होती. दुसरं काही बोलण्यासारखं नव्हतं म्हणून एर्मिनिया गायली. ते दाराचं गाणं, दोन्ही कडवी. दुसऱ्या कडव्याला आईचा हात थांबला. घेवड्याचा एक दाणा बोटांत तसाच राहिला. पुढच्या हिवाळ्यात आई गेली.

त्यानंतर एका बारशाला एर्मिनिया ती चाल गुणगुणत असताना तिथं आलेल्या गॅस एजन्सीच्या मालकानं ऐकली. त्याला फक्त धृपदाच्या दोन ओळी हव्या होत्या. शब्द बदलून. मोबदला म्हणून दर महिन्याला एक भरलेली टाकी, जन्मभर. तिनं विचार केला, निदान चाल तरी लोकांच्या कानांवर जाईल. शेजारच्या हालापा शहरात, एका खोलीत दहा मिनिटांत रेकॉर्डिंग आटोपलं. चाल लोकांच्या कानांवर गेली. इतकी गेली, की कानांतून निघेना.

पुढं अडतीस वर्षं ती मुलींच्या पंधराव्या, थाटामाटाच्या वाढदिवसांना गायली, लग्नांत गायली. शाळेच्या वह्यांमध्ये साठ-सत्तर गाणी लिहिली. पण कुठलंही नवं गाणं सुरू केलं की मागच्या टेबलावरून कुणीतरी ग्लास वर करून ओरडायचंच, “दोन्या एर्मिनिया, ते गॅसचं होऊन जाऊ दे!” ‘दोन्या’ म्हणजे आदरानं ‘बाई’; आदर तिचा, मागणी गॅसची. त्यामुळं तिनं एक नेम धरला होता. स्वतःच्या आवाजाला ओ द्यायची नाही. गाडी आली की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची आणि तिच्या वाटची टाकी शेजारीण दोन्या तोमासा घ्यायची. तोमासा तिच्या आईबरोबर गोदामात दाणे निवडायला होती. दाणे निवडायची, शब्द निवडायची सवय मात्र तिला कधी लागली नाही.

यंदा गावच्या संताच्या, सान हेरोनिमोच्या जत्रेच्या पंधरा दिवस आधी जत्रा समितीचे उबाल्दोसाहेब घरी आले. कॉफी घेतली, पाव बुडवला आणि म्हणाले, “संध्याकाळी सहाला, मोठ्या बँडच्या आधी वीस मिनिटं तुमची. गावानं तुमचा सन्मान करायचा ठरवलंय.”

एर्मिनियानं कप बशीवर ठेवला. या गावच्या चौकात एकटीनं उभं राहून ती कधीच गायली नव्हती. “एका अटीवर,” ती म्हणाली. “गॅसचं गाणार नाही.”

उबाल्दोसाहेबांनी पावाकडं पाहिलं. “अडचण अशी आहे, दोन्या, की पोस्टर छापून झालेत.”

“काय छापलंय?”

“ ‘गॅसचा आवाज, प्रत्यक्ष’.”

ती तीन दिवस वह्या चाळत बसली. चौथ्या दिवशी गिटारवाल्या ताचोला बोलावून म्हणाली, “माझी चार नवी गाणी बसवायची. गॅस सोडून.” ताचोचा उजवा कान कधीच गेलेला होता आणि डावा मूडमध्ये असेल तर ऐकायचा. तो म्हणाला, “बरं, गॅस लावतो,” आणि उठून स्वयंपाकघरात जायला लागला.

जत्रेच्या दिवशी सकाळी एर्मिनियानं केसांना रंग लावला आणि नळ सोडला, तर पाणी थंडगार. गॅसची टाकी संपली होती. तेवढ्यात बाहेरून तिचाच आवाज आला : उघड ना दार. तोमासाला हाक मारावी, तर ती पहाटेच देवळावर फुलांची कमान चढताना बघायला गेलेली. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, गळ्यात टॉवेल, कपाळावरून काळा ओघळ, अशा थाटात एर्मिनिया दारात आली आणि अडतीस वर्षांत पहिल्यांदा ओरडली, “गॅस! इकडं!”

गाडीवरच्या फिदेन्सियोनं टोपी काढली. “दोन्या! तुम्ही? स्वतः?”

“बघत काय बसलास? टाकी उतरव.”

त्यानं टाकी आत नेऊन जोडली. जाताना रेंगाळला. “एक विचारू? रागवायचं नाही.”

“रंग डोळ्यांत चाललाय, फिदेन्सियो. लवकर विचार.”

“वरच्या वस्तीत एक म्हातारी आहे. डोळे गेलेत. गॅस घेत नाही, लाकडावरच करते. पण गाडी आली की रोज दारात येऊन बसते. परवा मला म्हणते, ती पोरगी इतकी वर्षं दार उघड, दार उघड म्हणतेय. तिला कुणी आत घेतलं की नाही?”

“मग तू काय सांगितलंस?”

“मी काय सांगणार! माझ्याकडं दोनच ओळी आहेत.”

तो गेला. एर्मिनिया तशीच उभी राहिली, इतका वेळ, की रंग सांगितलेल्यापेक्षा गडद बसला. मग तिनं ताचोला निरोप धाडला : शेवटचं गाणं बदललंय, दाराचं घ्यायचं, पूर्ण, जुन्या शब्दांत. ठरवलं खरं. चाल ऐकली की लोक हसणार, हे उघडच होतं. भीती वेगळीच होती. हसू ओसरेपर्यंत दुसरं कडवं संपून जाईल आणि या गावात ते कुणीच, कधीच ऐकणार नाही.

संध्याकाळी धुक्यासारखी भुरभुर सुरू होती, पण आमच्याकडं तिला कुणी पाऊस म्हणत नाही. चौकातल्या बागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या भरल्या होत्या. मक्याचे दाणे विकणारा पातेलं ढवळत होता. तोमासा पहिल्या रांगेत पंखा हलवत बसली होती. गार हवेतसुद्धा, कारण पंखा नवा होता. एर्मिनियानं तीन नवी गाणी म्हटली. लोकांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या, मका खाल्ला, एकमेकांच्या मुलांची चौकशी केली. मग मागून आरोळी आली, “गॅऽऽस!”

तिनं ताचोकडं पाहून मान हलवली. पहिलं कडवं कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून लोक गप्प होते. घाटातली बस, खिडकीवरचं धुकं, हातात गिटार. मग धृपद आलं.

“उघड ना दार, आले मी परत—”

आणि पहिल्या रांगेतून तोमासा ताडकन उठली. हात वर करून, अडतीस वर्षांच्या सवयीनं, खणखणीत आवाजात : “इकडं! वीस किलोची एक!”

अख्खी बाग फुटली. माणसं एकमेकांच्या खांद्यांवर कोसळली. उबाल्दोसाहेबांचा चष्मा मक्यात पडला. मागच्या बाजूचे एक आजोबा तर खरोखरच टाकी आणायला निघाले होते, त्यांना सुनेनं धरून बसवलं. तोमासा दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसली.

एर्मिनिया थांबली. म्हणजे थांबणार होती. हसू ओसरू दे, मग बघू, असं तिनं ताचोला खुणावलं. पण ताचोनं डोळे मिटले होते, आणि त्याच्या कानांना हसण्याबिसण्याचा पत्ताच नव्हता. तो आपला वाजवत दुसऱ्या कडव्यात शिरला. गिटार पुढं निघून गेल्यावर गाणारी मागं राहून करणार काय? ती हसण्याच्या त्या गदारोळातच गायला लागली :

“परक्या नावानं थकले मी फार,
माझं जुनं नाव घे;
विचारू नकोस आणलं काय ते,
आधी मला आत घे.”

पहिली ओळ वाया गेली. दुसरी पुढच्या तीन रांगांनी ऐकली. तिसरीला मागचे लोक “श्श्, श्श्” करायला लागले. त्या लोकांत सगळ्यांचंच कुणी ना कुणी उत्तरेला, सीमेपलीकडं कामाला गेलेलं होतं. कुणी परत आलेलं, कुणी यायचं असलेलं. चौथ्या ओळीला एर्मिनियानं डोळे उघडले. मकेवाल्याचा डाव पातेल्यात उभाच होता. तोमासाचा पंखा थांबला होता.

शेवटच्या धृपदाला बाग तिच्याबरोबर गायली. निम्म्यांनी सवयीनं गॅस मागितला, निम्म्यांनी नुसती चाल धरली. मग मोठा बँड आला आणि सगळे नाचायला उठले.

दुसऱ्या दिवशी एर्मिनिया आतल्या खोलीत न जाता ओट्याशी घेवडे निवडत बसली. साडेआठला कर्ण्यांनी घसा खाकरला, दोन ओळी वाजल्या आणि संपल्या. आणि भिंतीपलीकडून, भांड्यांच्या आवाजात, तोमासाचा भसाडा सूर पुढं चालू राहिला. चाल चुकली होती, तिसरी ओळ तिनं सपशेल गाळली होती. “...माझं जुनं नाव घे, अं अं अं, आधी मला आत घे.”

एर्मिनियाचा हात ताटात थांबला.

ती उठून दारात गेली. फिदेन्सियो तिला बघून बुचकळ्यात पडला. “कालच तर दिली, दोन्या! संपली?”

“टाकी नकोय. वरच्या वस्तीत जाणार आहेस ना आज?”

“जाणार. म्हातारीला काय सांगू?”

“घेतलं म्हणावं आत,” एर्मिनिया म्हणाली. फिदेन्सियोनं टोपी घातली, गाडी सुरू केली. ती मागून ओरडली, “आणि काल टाकी वाकडी लावून गेलायस मेल्या, उद्या येऊन नीट कर!”