रोजची एक चूक

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर वेदने वही कॅमेऱ्यासमोर धरून विचारलं, "आजी, हा एक्स म्हणजे नक्की कोण?" मी इंग्रजीत एम.ए. केलं, पण एक्सची आणि माझी ओळख जेमतेमच. या प्रश्नाचं उत्तर द्यायला लायक माणूस आपल्या कोल्हारच्या घरात दुसरंच आहे: तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. हल्ली त्या फोनवर येत नाहीत, त्यामुळे तुम्हाला वाटत असेल की त्या नुसत्या खुर्चीत बसून असतात. तसा तुमचा समज होऊ नये म्हणून हे आत्ताच लिहिते आहे.

समान चिन्हाला इतकं मानणारी बाई अख्ख्या प्रवराकाठी दुसरी झाली नसेल. शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी आपल्या ओसरीवर आठवी-नववीची मुलं जमवली. फळ्याशेजारच्या खुंटीला पितळी तराजू. एका पारड्यात तीन शिवलेल्या थैल्या आणि पाच गोट्या, दुसऱ्यात वीस गोट्या. थैलीच्या कापडाचंसुद्धा वजन असतं, म्हणून वीस गोट्यांच्या बाजूला तीन रिकाम्या थैल्या. "थैलीत किती गोट्या ते सांगा. उसवायची नाही," एवढंच त्या म्हणत. मग मुलं दोन्हीकडून पाच-पाच काढायची, उरलेल्या पंधरांचे तीन वाटे करायची आणि थैलीत पाच आहेत हे कळल्यावर स्वतःवरच खूश व्हायची. वेद, ती थैली म्हणजे एक्स. एखादा बाहेरच्या शिकवणीलाही जाणारा मुलगा पाठ केल्यासारखं म्हणायचा, "बाई, पाच पलीकडं नेले की चिन्ह बदलतं." त्यावर वन्सं शांतपणे विचारत, "नेले? कशानं? टेम्पोनं?"

हे वेड ओसरीपुरतं असतं तरी चाललं असतं. बाजारात भाजी घेताना त्या रिकाम्या तागडीची पारडी आधी अदलाबदल करून बघायच्या. "बाई, तुमी आल्या की माझा काटाच घाबरतो," असं भाजीवाली म्हणायची. मी आणि तुमचे आजोबा भांडलो तर स्वयंपाकघराच्या दारातून आवाज यायचा, "दोघांकडून एकेक वाक्य वजा करा, उरेल ते बोला." बहुतेक वेळा काहीच उरायचं नाही. आणि ताळा तर सगळ्याचा. आलेलं उत्तर मूळ गणितात घालून बघायचं, त्याला ताळा म्हणतात. वन्सं दाराला कुलूप लावून, उघडून, पुन्हा लावत. आमची एस.टी. अशा ताळ्यापायी किती वेळा चुकली, ते मी माझ्या डायरीत लिहीत असे. पुढे डायरी संपली.

पोरांवर मात्र त्या कधी ओरडल्या नाहीत. "पहिली चूक पाहुणी असते, तिला पाणी द्यावं," म्हणायच्या आणि ती खोडून पुढे जायच्या. उलट रोज फळ्यावर स्वतः मुद्दाम एक चूक पेरायच्या. ती शोधील त्यानं त्या सकाळी त्यांच्या खुर्चीत बसायचं. पहिल्याच दिवशी मुलांना बजावायच्या, "रोज एकच. ज्या दिवशी न ठरवता दुसरी होईल, त्या दिवशी मी खडू ठेवीन." मी हसायचे. त्यांच्या हातून दुसरी चूक होईल असं कुणाला वाटलं असतं?

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी चहा घेऊन ओसरीवर गेले. फळ्यावर दोन गणितं होती. पहिल्यातली पेरलेली चूक मुलांनी पटकन काढली. दुसरं होतं, चार एक्स वजा सात बरोबर एकवीस. वन्संनी दोन्हीकडे सात मिळवायच्या ऐवजी एकवीसातून सात वजा केले, चार एक्स बरोबर चौदा लिहिलं आणि साडेतीन उत्तर काढलं. त्या दिवशी ताळा राहिला. मुलं खाली मान घालून लिहीत होती. मग वन्संनी वह्या मागितल्या. पहिल्या वहीत उत्तर सात. दुसऱ्या वहीत सात. सगळ्यांच्या वह्यांत सात.

त्यांनी फळ्याकडे पाहिलं. ओठांतल्या ओठांत ताळा केला.

"किती दिवस चाललंय हे?"

नदीकाठच्या वस्तीवरची एक अबोल मुलगी उठली. "दिवाळीपासून, बाई. रोज न्हाई. मधूनमधून."

"आणि तुम्ही गुपचूप वहीत नीट करत होता?"

"सांगितलं असतं तर तुमी खडू ठेवला असता. मग आमी कुठं जायचं?"

"एका पारड्यातलं काढायचं आणि दुसऱ्यातलं तसंच ठेवायचं. हेच शिकवलं का मी?"

"न्हाई बाई." "दोन्हीकडं सारखंच केलं. तुमी आमची पहिली चूक धरीत न्हाई. आमी तुमची धरली न्हाई."

वन्संनी एकदा तराजूकडे पाहिलं. मग उठून त्यांनी खडू तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "शब्द म्हणजे शब्द. मी ठेवला. तू उचल." आणि स्वतः सतरंजीवर मुलांच्या रांगेत जाऊन बसल्या. गुडघ्यांमुळे दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे खुर्ची नेली.

ती मुलगी आता दहावीत आहे. शाळेआधी येते, शिकवते आणि रोज फळ्यावर मुद्दाम एक चूक पेरते. ती शोधायचा पहिला मान वन्संचा. कधी लगेच सापडते, कधी फार वेळ लागतो. मुलं पेन्सिली खाली ठेवून थांबतात, कुणी सुचवत नाही. काल वन्संनी मला दोनदा त्यांच्या आईच्या नावाने हाक मारली, पण चूक मात्र त्यांनी शोधली.

तराजू खुंटीला आहे. मी तो रविवारी चिंचेने घासते. क्लास अजून भरतो, आणि फळ्यावर रोज एकच चूक असते.