महाडची घोटभर कॉफी

पुण्याहून सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, म्हणजे आम्ही सव्वासातला निघालो. उशिराचं कारण थर्मास. माझी थोरली बहीण, जिला सगळं जग ताई म्हणतं, बाहेरच्या चहावर विश्वास ठेवत नाही. तिचा चहा तिच्या हातचा, तिच्या थर्मासमधून आणि तिने ठरवलेल्या वेळी. आयुष्यभर सरकारी नर्स होती, त्यातली सहा वर्षं पोलादपूरला. निवृत्त झाल्यापासून ‘मला एकदा तिकडे ने’ असा धोशा लावला होता. मी नेतो नेतो म्हणत चार वर्षं काढली. शेवटी या डिसेंबरात तिने स्वतःच महाडच्या लॉजला फोन करून दोन खोल्या सांगितल्या आणि गाडी कधी आणायची तेवढं मला कळवलं.

वरंध घाटात भज्यांसाठी थांबलो. भजी गरम होती, मिरची खरी होती, दरी डोळे फिरवणारी होती. मी फोटो काढायला वळलो आणि एका वानराने ताईच्या पिशवीत हात घातला. त्याला बिस्किटं हवी होती, हाताला थर्मास लागला. त्याने तो दोनदा हलवून पाहिला, नापसंत केला आणि कठड्यावरून सोडून दिला. बराच वेळ खालून आवाज येत राहिला. ताईने सरकारी रुग्णालयात भलभलते प्रसंग पाहिले आहेत, पण एवढं गंभीर तोंड मी तिचं कधी पाहिलं नव्हतं.

महाडला पोचलो तेव्हा बारा वाजले होते आणि ताईचं डोकं ठणकत होतं. बाजारपेठेत गाडी लावायला जागा मिळेना. मिळाली ती एका नव्या कोऱ्या कॉफीच्या दुकानासमोर. काचेचं दार, सोनेरी अक्षरांची पाटी, आत गारवा, मऊ खुर्च्या आणि एकही गिऱ्हाईक नाही. मालक दाराशीच उभे होते. पन्नाशी ओलांडलेले, उंच, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांनी अशा अदबीने दार उघडलं की मला आपण चुकून कुणाच्या तरी लग्नाला आलो आहोत असं वाटलं. त्यांचं नाव इकबालभाई.

“चहा मिळेल ना?” ताईने बसायच्या आधीच विचारलं.

“चहा नाय, ताई. चहा अख्ख्या महाडात मिळतो. हितं फक्त कॉफी.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. त्या वानरामागे माझाच हात असावा, असा तिचा चेहरा होता.

मेनूकार्ड येण्याआधी कहवा (दूध-साखर नसलेली, वेलची घातलेली फिकट कॉफी) आला. इकबालभाईंनी डाव्या हातात लांब चोचीची पितळी किटली धरली, उजव्या हाताने बिनकानाचे दोन इवलेसे कप पुढे केले आणि उभ्या उभ्या, एक थेंब न सांडता धार धरली. कौतुक करावं असंच काम होतं. पण कपात पडली ती बुडापुरती, फार तर एक घोट. ताईने कपात डोकावून पाहिलं.

“नमुना असेल,” ती माझ्या कानात पुटपुटली.

प्यायलो. कडवट, पण वेलचीमुळे बरी लागली. कप खाली ठेवतो न ठेवतो तोच इकबालभाई हजर, पुन्हा घोटभर. प्यायलो. पुन्हा घोटभर. आम्हा दोघांना लहानपणापासून ताटात-कपात काही टाकायचं नाही अशी शिस्त लागलेली. आम्ही कप रिकामा करायचो आणि त्यांचा हात पुढे यायचा. आम्हाला वाटे, यांचं मन मोडू नये. त्यांना काय वाटत होतं देव जाणे. आठव्या खेपेला मी हात जोडले.

“साहेब, पुरे झाली तर कप असा हलवायचा,” ते हसत म्हणाले आणि त्यांनी मनगट डावीकडे-उजवीकडे हलवून दाखवलं. “नायतर मी देतच राहणार.”

एकदम मोठा कप भरून का देत नाहीत, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण पुणेकर असूनही मी विचारलं नाही.

आठ कपांचा व्हायचा तो परिणाम झाला आणि ताई मागच्या बाजूला बाथरूम शोधत गेली. परतली ती अर्ध्या तासाने. हातात बशीभर सांदण (तांदळाच्या रव्याची वाफवलेली गोड वडी) आणि पोटात अख्ख्या घराची हकिकत. मागच्या स्वयंपाकघरात तिला इकबालभाईंची बायको रेहाना भेटली होती. बायका ताईला पाच मिनिटांत सगळं सांगतात, ही तिची जुनी ख्याती आहे.

तिने ते मला दुकानातून बाहेर पडल्यावर सांगितलं. इकबालभाई बावीस वर्षं कुवेतला होते. एका बड्या शेखच्या बैठकीत आल्यागेल्याला कॉफी द्यायची, एवढंच त्यांचं काम. दोन वर्षांतून एकदा सुट्टी. मुलगी जन्मली तेव्हा ते तिकडे, तिचं लग्न ठरलं तेव्हाही तिकडेच. या वेळी आले ते दुकान काढायचं मनात धरून. रेहानाला म्हणाले, दुकान चाललं तर इथेच राहीन, नाही चाललं तर शुक्रवारचं विमान आहे.

“आज वार कुठला?” मी विचारलं.

“सोमवार,” ताई म्हणाली. “गिऱ्हाईक येतं म्हणे. बसतं. मग काही न मागवताच उठून जातं. का जातं तेच कळत नाही. ती बिचारी आत सांदणं करून वाट बघत बसते.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलादपूरला गेलो. नवा हायवे आता गावाच्या खालून जातो. गाड्या खालच्या खाली पसार होतात आणि वरच्या हॉटेलांतली माणसं त्यांचा नुसता आवाज ऐकत बसतात. ताईचा जुना दवाखाना रंग देऊन ओळखू न येण्याजोगा झाला होता. तिने त्याला बाहेरूनच शेरा दिला, “जिना अजून तिथेच आहे, चुकीच्या ठिकाणी,” आणि आम्ही जेवायला वळलो.

खानावळ पत्र्याची, चार टेबलांची. मालकीणबाई शेवंताकाकू चुलीपुढून उठल्या आणि ताईकडे निरखून पाहू लागल्या.

“गो बाय, तू ती सुयवाली ना?”

ताईला पोलादपुरात मिळालेला हा सगळ्यात मोठा मान. मग काय, मेनूकार्डाचा प्रश्नच उरला नाही. तांदळाच्या गरम भाकऱ्या, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, सोलकढी. काकू भाकरी विचारून वाढत नव्हत्या, ताटात टाकून मग विचारत होत्या. मी ताटावर आडवा हात धरला तर हातावर भाकरी आली. बोलता बोलता महाडच्या कॉफीच्या दुकानाचा विषय निघाला.

“त्याचा नाव नको काढूस,” काकू म्हणाल्या. “गेल्ते मी, आमचे हे पण होते. काचेचा दार नि काय काय! नि कॉफी दिलान केवडी? बुडाला पण लागली नाय. आमी काय भिकारी हाव? हे तसेच उठले.”

“पण तो परत परत देतो, काकू. आणि त्याचे पैसेही घेत नाही,” मी म्हणालो.

“असंल. पहिलाच कप असा दिल्यावर दुसऱ्याला कोण थांबतो?”

दुपारी उमरठला नरवीरांच्या समाधीपुढे हात जोडले आणि तिथून कुडपणची वाट धरली. रस्ता चढा, वळणं अशी की समोरून एसटी आली तेव्हा मी आणि ड्रायव्हर बराच वेळ एकमेकांकडे आदराने पाहत राहिलो. शेवटी मीच मागे गेलो आणि गाडीचं मागचं चाक गटारात घातलं. शेतावरून चार माणसं आली, त्यांनी गाडी उचलून रस्त्यावर ठेवली आणि आता चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही, असं सांगितलं. मदत त्यांनी केली होती आणि चहाही तेच पाजणार होते.

वरच्या पठारावर हवा थंडगार, भात कापून झालेलं, ओट्यावर नाचणीची कणसं वाळत घातलेली. घरच्या बाईंनी चहा आणला. भाकऱ्यांनी माझं पोट तुडुंब झालेलं, म्हणून मी सहज म्हटलं, “मला अर्धा कप पुरे.”

बाईंचा हात थांबला. “अर्धा? का वो, आमचा काय चुकला?”

त्यांनी माझा कप काठोकाठ भरला, वर आणखी थोडा ओतला. चहा बशीत उतरला तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. ताई आपला कप तसाच धरून बसली होती. तिने तो चहा निमूट, एका शब्दानेही नाव न ठेवता प्यायला. एरवी मी यावर चिडवलं असतं, पण तिच्या डोक्यात काहीतरी चाललेलं दिसत होतं.

“दिनू, गाडी काढ,” ती म्हणाली. “अंधार पडायच्या आत महाड गाठायचंय.”

दिवे लागायच्या सुमाराला आम्ही पुन्हा त्या काचेच्या दारातून आत गेलो. दुकान रिकामंच होतं. इकबालभाईंनी किटली उचलली, पण ताईने कपावर तळहात ठेवला.

“आधी सांगा, तुम्ही कप भरत का नाही?”

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. “पावना बसावा म्हणून, ताई. तिकडं भरलेला कप म्हणजे, चल, पी नि निघ. थोडी द्यायची नि देत ऱ्हायची. माणूस बसतो, बोलतो. मी नवा होतो तेव्हा एकाचा कप भरला, तर तो तसाच उठून गेला. शेख आठवडाभर माझ्याशी बोलला नाय.”

“इथे उलटं आहे हो,” ताई म्हणाली. “इथे कप सांडेपर्यंत भरतात. अर्धा दिला की माणसाला वाटतं, आपण यांना नकोसे झालो. म्हणून उठून जातात लोक.”

इकबालभाईंनी किटली टेबलावर ठेवली आणि ते समोरच्या खुर्चीत बसले. दोन दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं.

“म्हणजे सहा आठवडे,” ते म्हणाले, “मी माझ्याच लोकांना हाकलत होतो?”

स्वयंपाकघराचा पडदा सरकला. रेहाना बाहेर आली होती, हाताला तांदळाचं पीठ तसंच.

“थांबा जरा. भरलेला कप म्हणजे निघ?”

“हां.”

“सुट्टीवर यायचात तेव्हा रोज सकाळी मी तुमाला कप काठापर्यंत भरून देत होते. बावीस वर्षं.”

“मला म्हायती होता, तुझ्या मनात तसा काय नसतो.”

“कधीच नाय वाटला?”

इकबालभाई खाली बघत म्हणाले, “विमानाच्या दिवशी वाटायचा.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण रेहाना दाराच्या वाटेतच उभी होती. ती काही रडली-बिडली नाही. उलट चांगलीच रागावली होती.

“दुकान चालला तर ऱ्हाईन, नाय चालला तर जाईन, असा तुमीच ठरवलात. मला कोणी विचारलान? दुकान गेला खड्ड्यात. कुलूप लावा, मी शिवण करीन, तुमी घरात बसून ऱ्हा. पण आता जाऊ नका. मला नाय ऱ्हायचा आता एकटीला.”

ताईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी रेहानाला वळसा घालून दाराबाहेर पडलो. बाहेर आल्यावर ताई नाक पुसत होती. वेलचीने असं होतं, म्हणाली. नर्स असून हे निदान तिने कुठून काढलं ते मी विचारलं नाही.

बुधवारी सकाळी निघालो. जाता जाता दुकानावरून गाडी हळू घेतली, पण शटर अजून उघडलं नव्हतं. घाटात भजी खाल्ली, वानराकडे दोघांनी दुर्लक्ष केलं. आयुष्यभर मी बाहेर जेवताना एकच हिशेब केला, की किती दिलं. त्या दिवशी घाट चढताना पहिल्यांदा मनात आलं, की समोरचा काय म्हणून देतो आहे हे आपण कधी पाहिलंच नाही. मी हे ताईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, समोर बघून गाडी चालव.

शुक्रवारी ती सकाळपासून माझ्या घरी येऊन बसली होती. विमान किती वाजता असतं, मुंबईला जायला महाडहून किती वाजता निघावं लागतं, हे तिने मला चारदा विचारलं. फोन कर म्हटलं तर नको म्हणाली, निघायच्या गडबडीत असतील. दुपारी तीनला तिला राहवलं नाही. दुकानाचं कार्ड पर्समधून काढून तिने नंबर लावला. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला आणि ताई “हॅलो, इकबालभाई?” म्हणाली. पलीकडून गिऱ्हाइकांच्या गलक्याचा आणि भांड्यांचा आवाज मला इथपर्यंत आला. दहा सेकंदांत फोन बंद झाला.

“काय झालं? काय म्हणाले?” मी विचारलं.

“दूध उतू जातंय म्हणाले,” ताई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून हसायला लागली.